मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,५०० किलोमीटर, मग कोल्हापुरातनं लेकीच्या दारात पोचायला ४१ तास कसे लागतात?

काका नमस्कार. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो. तुम्ही आणि काकू डिसेंबरात पहिल्यांदाच लेकीकडं सॅन फ्रान्सिस्कोला निघालाय. नेटवर मुंबईपासूनचं अंतर १३,५०० किलोमीटर दिसतंय, विमान ताशी ९०० नं जातंय म्हणजे १५ तास व्हायला पाहिजेत, पण एका तिकिटावर २२ तास लिहिलंय, दुसऱ्यावर २७, जाताना निघाल्या तारखेलाच पोचताय आणि येताना तारीख दोन दिवस पुढं जातीय. तर खरं किती तास, आणि कोल्हापुरातनं निघायचं कधी.

मी बरीच वर्षं मुंबईत फ्लाइट डिस्पॅचला काढलीत, म्हणजे विमान कुठल्या रस्त्यानं जाणार, तेल किती घेणार, वाटेत काही झालं तर कुठं उतरणार हे ज्या टेबलावर ठरतं तिथं, आणि आता इथं कोल्हापुरात तिकिटांचं काम बघतो. म्हणून दोन्ही बाजू सांगतो. पहिल्यांदाच स्पष्ट बोलतो, तुमच्या प्रवासात १३,५०० हा आकडा सगळ्यात कमी कामाचा आहे. तुम्ही घर ते घर ४१ तास धरून चाला. त्यातले विमान हवेत असतंय ते जेमतेम १९ तास, बाकी सगळा वेळ जमिनीवर जातो, आणि त्रास होतो तो त्या जमिनीवरच्या वेळेत होतो. तेवढाच भाग तुमच्या हातात पण आहे.

आता तो आकडा येतो कुठनं. १३,५०० म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन गावांमधलं सगळ्यात जवळचं अंतर. भिंतीवरच्या नकाशात बघून आपल्याला वाटतं मुंबईहून अमेरिका म्हणजे डावीकडं युरोप मग अटलांटिक, किंवा उजवीकडं जपान मग पॅसिफिक. पण नातवाचा पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरा, तो दोरा डावीकडं पण जात नाही आणि उजवीकडं पण नाही, तो जवळजवळ सरळ उत्तरेला जातो! लेहच्या जवळनं, मग चीनचा शिनजियांग, मग सायबेरिया, मग आर्क्टिक समुद्रावर ७६-७७ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि तिथनं अलास्कावरनं खाली उतरतो. दुबईचं तर याहून भारी आहे, दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को हे रेखांशात एकमेकांच्या जवळपास बरोबर समोर, त्यामुळं तिथला दोरा उत्तर ध्रुवाला अगदी चाटून जातो. मला हे आजही बघायला आवडतं, ज्याच्या घरात लहान पोरं आहेत त्यानं एकदा दोरा लावून दाखवावंच.

पण दोरा जातो तिथनं विमान जातंच असं नाही, आणि इथंच नेटवरचं गणित फसतं.

पहिलं कारण डोंगर. काराकोरम-तिबेटच्या भागात जमीनच १४-१५ हजार फुटांवर आणि शिखरं त्याच्याही वर. केबिनमधलं प्रेशर गेलं तर विमान लवकरात लवकर १० हजार फुटांच्या आसपास खाली आणावं लागतं, कारण वरनं पडणाऱ्या त्या पिवळ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानात पंधरा-वीस मिनिटांच्या आसपासच पुरतो. खाली जमीनच १५ हजारांवर असेल तर उतरणार कुठं? म्हणून तिकडनं जायचं तर बाहेर पडायचे रस्ते आधी आखून ठेवावे लागतात, आणि बऱ्याचदा कंपन्या सरळ वळसाच घेतात.

दुसरं, दोन इंजिनांच्या विमानाला नियम असतो की एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात उतरता येईल असा विमानतळ कायम आवाक्यात पाहिजे. समुद्रावर आणि आर्क्टिकमध्ये असे विमानतळ मोजकेच. जून २०२३ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या अडचणीमुळं रशियात मगादानला उतरलं होतं, आठवत असेल तर बघा, टीव्हीवर दोन दिवस तेच चाललेलं. लोकांना वाटलं हे भलतीकडं कुठं गेलं, पण ते अगदी वाटेवरचंच गाव होतं.

तिसरं म्हणजे आकाशातले बंद रस्ते, आणि गेल्या काही वर्षांत वेळ सगळ्यात जास्त यानंच वाढवलाय. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केली ती जुलैमध्ये उघडली, तेवढे महिने दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना युरोपात तेलासाठी उतरावं लागायचं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना ती परत बंद झाली. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियानं युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंदी घातली, म्हणजे कुठली कंपनी आहे त्यावर सुद्धा रस्ता ठरतो, त्याच दोन गावांमध्ये एकाच दिवशी एक विमान सायबेरियावरनं जातंय आणि दुसरं जात नाही. अंतर तेच, तास वेगळे. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी शेजारचे कोण जाऊन आले आणि इतके तास लागले म्हणाले यावर आज काही ठरवू नका.

आणि आता वारं. यावर मी जरा जास्त बोलणार कारण जाताना-येताना फरक का पडतो ते यातच आहे. साधारण ३०-४० हजार फुटांवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं एक जोराचा वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जपानजवळ तो फार जोरात असतो, हिवाळ्यात तर विशेष. तो पहिल्यांदा नीट मोजला पण जपान्यांनीच, वासाबुरो ओइशी नावाच्या हवामान शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून सोडून. त्यानं अहवाल लिहिला तो एस्परांतो भाषेत, त्यामुळं बाहेरच्या जगानं बरीच वर्षं तिकडं बघितलंच नाही. एवढं मोठं काम असं पडून राहिलं याची मला खरंच हळहळ वाटते.

पंचगंगेला पाणी असताना धारेबरोबर पोहणं आणि धारेला अंगावर घेऊन पोहणं, तुमचा हात तेवढाच चालतोय पण काठावरनं बघणाऱ्याला फरक दिसतो, तसंच आहे हे. आकडे घालून बघा. हाँगकाँग ते सॅन फ्रान्सिस्को ११,१०० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ९००. पाठीमागनं सरासरी १०० चं वारं मिळालं तर जमिनीवरचा वेग १,०००, म्हणजे ११ तास. तेच वारं येताना तोंडावर आलं तर वेग ८००, म्हणजे पावणेचौदा-चौदा तास. अंतर एक मीटरनं बदललं नाही आणि फरक पावणेतीन तासांचा पडला. ८-९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात, त्या रात्री वादळामुळं मागनं प्रचंड वारं होतं आणि जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता.

आणि हे तर तुम्ही निघालाय त्याच गावाचं, सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट डिसेंबर २०१५ ला सुरू झाली तेव्हा अटलांटिककडनं जायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ती जाताना पॅसिफिकवरनं नेली. रस्ता साधारण १,४०० किलोमीटरनं वाढला, १५,३०० किलोमीटर झाला, आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा दोनेक तास लवकर! लांबचा रस्ता, कमी वेळ, का तर अटलांटिककडं वारं तोंडावर होतं आणि पॅसिफिककडं पाठीवर. जानेवारी २०२१ ला सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर पहिली फ्लाइट आली ती कॅप्टन झोया अगरवाल आणि सगळ्या महिला पायलटांनी उत्तर ध्रुवावरनं आणली, तेव्हा पण रस्ता निवडताना हेच सगळं बघितलेलं असणार, वारं, थंडीनं तेल गोठायच्या किती जवळ जातंय, आणि वाटेत उतरायला कुठं मिळतंय.

म्हणून तिकीट बघताना किलोमीटर बघू नका. मुंबईहून दुबईमार्गे गेलात तर दोन टप्पे मिळून साधारण १५,००० किलोमीटर होतात, हाँगकाँगमार्गे १५,४००, फ्रँकफर्टमार्गे १५,७००, सिंगापूरमार्गे १७,५००. हाँगकाँग दुबईपेक्षा लांब आहे पण डिसेंबरात जाताना हवेतला वेळ तिकडनं कमी लागू शकतो, वारं पाठीवर म्हणून. येताना मात्र तोच रस्ता महागात पडतो. सिंगापूर मी तुम्हाला सुचवणार नाही, एअरपोर्ट फार सुंदर आहे पण पहिल्याच प्रवासाला एवढा वळसा नको.

आता तिकिटावरचे तास. तिकिटावर जो वेळ असतो तो चाकं जागेवरनं हलल्यापासून दुसरीकडं जागेवर थांबेपर्यंतचा, आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो, त्यात रनवेपर्यंत रांगेत जाणं, चढणं, उतरायच्या आधी घिरट्या, सगळं आलं. आणि दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, लोक गोंधळतात ते इथंच. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा तास मागं, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेबारा तास मागं, कारण तिकडं घड्याळ एक तास पुढं सारतात. आपल्याकडं तसं काही नाही त्यामुळं हे डोक्यात बसत नाही. सोपी रीत सांगतो, तिकडच्या वेळेत साडेतेरा तास मिळवा आणि सगळं आपल्या घड्याळावर आणा.

उदाहरणार्थ तुमचं २२ तासांचं तिकीट दुबईमार्गे असं समजू. १० डिसेंबरला पहाटे ४:३० ला मुंबई सोडली, १० डिसेंबरलाच दुपारी १:१५ ला सॅन फ्रान्सिस्को. बघणाऱ्याला वाटतं पावणेनऊ तासांत पोचले. १:१५ मध्ये साडेतेरा मिळवा, आपल्याकडं ११ तारखेची रात्र, २:४५ वाजलेत. पहाटे ४:३० ते दुसऱ्या रात्रीचे २:४५, म्हणजे सव्वाबावीस तास. त्यातले सव्वातीन तास दुबईपर्यंत, तीन तास तिथं थांबणं, १६ तास पुढचं विमान. २७ तासांचं तिकीट असेल तर त्यात उडणं बहुतेक तेवढंच असतंय, फक्त दुबईत पावणेआठ तास बसून राहायचं.

येताना धरा ५ फेब्रुवारीला दुपारी ४:४५ ला निघालात, तर आपल्याकडं तेव्हा ६ तारखेचे सकाळचे सव्वासहा वाजलेले असतात. ७ तारखेला सकाळी ७:३० ला मुंबईत उतरलात म्हणजे सव्वापंचवीस तास. तारीख दोननं पुढं गेली पण प्रवास एक दिवस आणि सव्वा तास एवढाच. निघतानाच आपली तारीख तिकडच्यापेक्षा पुढं गेलेली असते, बाकी काही नाही.

आता कोल्हापूरचं बघू, कारण खरी ओढाताण इथंच होते. कोल्हापूर ते मुंबई हवेतनं बघितलं तर साधारण ३१० किलोमीटर, आणि गाडीनं हायवेनं पावणेचारशे-चारशे. विमानानं तासाभराचं काम, गाडीनं आठ-नऊ तास, त्यात कागल-सातारा सहापदरीचं काम, खंबाटकी, खेड-शिवापूरचा टोल, पुण्याच्या बाहेर चांदणी चौक, यातलं कुठलंही एक अडकलं की दोन तास गेले. पहाटे ४:३० चं विमान म्हणजे रात्री एक-दीडला काउंटरवर पाहिजे, मी म्हणेन रात्री दहा-साडेदहाला मुंबईत पोचलेलं असावं, म्हणजे आदल्या दिवशी दुपारी एकच्या आत जेवून कोल्हापूर सोडा. दुपारी एक ते पहाटे साडेचार साडेपंधरा तास, पुढं सव्वाबावीस, तिकडं इमिग्रेशन आणि बॅगा दोन तास, लेकीच्या घरापर्यंत गाडीनं एक तास. झाले पावणेएकेचाळीस. ४१ म्हणालो ते असं.

उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरनं, विमानानं का नाही, असं प्रत्येकजण विचारतो. आपलं विमानतळ १९३९ चं आहे, राजाराम महाराजांच्या काळातलं, त्याचा मला अभिमान आहे, आणि मार्च २०२४ ला नवीन टर्मिनल पण झालं. पण रनवे १,९३० मीटर, त्यावर एटीआरसारखी लहान विमानं येतात आणि पावसाळ्यात ढग खाली आले की लेट किंवा रद्द. डिसेंबरात तो त्रास कमी. तरीसुद्धा कोल्हापूर–मुंबई वेगळ्या तिकिटावर असेल तर दोन गोष्टी डोक्यात ठेवा. ते लेट झालं आणि पुढचं चुकलं तर पुढची कंपनी जबाबदार नाही, तिकीट बुडतं. आणि सामान, अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक माणशी २३ किलोच्या दोन बॅगा असतात, देशातल्या तिकिटावर साधारण १५ किलो, फरकाचे पैसे तिथंच भरावे लागतात. विमानानंच जायचं असेल तर आदल्या दिवशी सकाळचं घ्या आणि मुंबईत कुणाकडं तरी थांबून पडा थोडं. बंगळूर किंवा हैदराबादमार्गे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, सगळं मिळत असेल तर तो पर्याय मला मुंबईपेक्षा बरा वाटतो, बॅगा सरळ पुढं जातात आणि लेट झालं तर कंपनी बघते. वेळापत्रक वर्षातनं दोनदा बदलतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळं सप्टेंबरात बघितलेलं डिसेंबरला तसंच असेल असं धरू नका.

अजून एक, तिकिटावर मुंबई एवढंच वाचून निघू नका. नवी मुंबईचं विमानतळ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन डिसेंबरात सुरू झालंय, ते पनवेलच्या बाजूला आणि जुनं सहारचं अंधेरीत, मधे मुंबईचं ट्रॅफिक. कोल्हापूरवाल्याला नवी मुंबई सोयीचीच आहे, पण एक विमान इकडं आणि दुसरं तिकडं असं तिकीट कुणी काढून दिलं तर घेऊ नका.

मधल्या थांब्याबद्दल माझं मत पक्कं आहे. सव्वा तासाचं कनेक्शन कंपनी विकते, नियमात पण बसतं, पण तुमच्या वयाला ते नको. सिक्युरिटी परत होते, गेट लांब असतं, ट्रेन घ्यावी लागते. तीन ते चार तास उत्तम, पाचपर्यंत चालेल, सातच्या वर गेलं की पाय सुजतात आणि माणूस पुढच्या १६ तासांच्या आधीच थकतो. दहा हजार रुपये वाचतात म्हणून २७ तासांचं घेऊ नका हो. अमेरिकेतच न्यूयॉर्क किंवा शिकागोला विमान बदलणार असाल तर इमिग्रेशन तिथंच पहिल्या विमानतळावर होतं, बॅगा घेऊन परत द्याव्या लागतात, तिथं तर तीन तासांपेक्षा कमी घेऊच नका. व्हीलचेअर तिकीट काढतानाच लिहायला सांगा, चालता येतं म्हणून लाजायचं कारण नाही, भाषेची अडचण त्यानं निम्मी सुटते. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या कुठल्या घड्याळावर घ्यायच्या ते निघायच्या आधी डॉक्टरांकडनं कागदावर लिहून घ्या, साडेतेरा तासांचा फरक आहे, अंदाजानं करू नका, विशेषतः काकूंना इन्सुलिन असेल तर. गोळ्या हातातल्या पिशवीत, बॅगेत नाही.

तेव्हा दोन्हीपैकी २२ वालं घ्या. लेकीला तास सांगत बसू नका, फ्लाइट नंबर आणि तिकडची तारीख-वेळ द्या, १० डिसेंबर दुपारी १:१५, ती तिच्या फोनवर विमान कुठं आहे ते बघत राहील आणि तीनच्या सुमाराला बाहेर उभी राहील. आणि परतीच्या गाडीवाल्याला आत्ताच ७ फेब्रुवारी सकाळी साडेसात असं लिहून द्या, म्हणजे त्यानं ६ तारखेला रात्री नऊ-दहाला कोल्हापूर सोडायचं, ५ ला तुम्ही तिकडनं निघताय हे त्याला सांगूच नका.